नडगीचं दुखणं आणि डब्यातल्या दोन चपात्या : भरतीच्या एका पोरीची केस

मी कोल्हापुरात पोलीस भरतीच्या पोरापोरींचं ग्राउंड घेतो, चौदा वर्षं झाली. या काळात नडगी दुखणारी शेकडो पोरं बघितली आणि त्यातल्या बहुतेकांना बर्फ लाव, बूट बदल, चार दिवस थांब एवढंच सांगत आलो. मागच्या पावसाळ्यातल्या एका केसनं माझी ही सवय मोडली. पोरीची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेऊनच लिहितोय. नाव गाव लिहीत नाही, पण जे झालं ते सगळं लिहितो, माझी चूक धरून, कारण ती चूक आज अनेक ग्राउंडवर रोज होते.

पोरगी १९ वर्षांची, राधानगरीकडची. कोल्हापुरात कॉट बेसिसवर राहायची, मेसचा डबा, कॉलेज नावाला आणि सकाळ संध्याकाळ ग्राउंड. एप्रिलच्या मध्यात आली तेव्हा उंची १५९ सेंटीमीटर, वजन ५१ किलो, ८०० मीटरला ३ मिनिटं ३८ सेकंद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुलींच्या पोलीस भरतीत ग्राउंड ५० मार्कांचं असतं, ८०० मीटर २० मार्क, १०० मीटर १५ आणि चार किलोचा गोळा १५. म्हणजे सगळ्यात जास्त मार्क ८०० ला, म्हणून पोरी जीव तोडून तेच पळतात. पाच आठवड्यात ती ३:१६ वर आली. इतकी झटपट सुधारणा दिसली की कोच म्हणून डोक्यात हवा जाते, माझ्याही गेली. मे महिन्याच्या शेवटी टायमिंग घेताना मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "दोन किलो वजन कमी कर, तीनच्या आत येशील." एवढंच एक वाक्य. मी विसरूनपण गेलो.

जूनमध्ये पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे मातीच्या ग्राउंडचा नुसता रबडा होतो, त्यामुळे पळणं डांबरी रस्त्यावर गेलं. जुलैत भरती जवळ आली अशी हवा झाली आणि पोरं स्वतःहून दोन टाइम पळायला लागली, मी अडवलं नाही. वहीत बघितलं तर एप्रिलमध्ये तिचं आठवड्याचं पळणं १२ किलोमीटर होतं, मे अखेर २२ आणि जुलै अखेर ४५. त्याच वेळी टायमिंग ३:०९ पर्यंत आलं आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकदम ३:२१. मी म्हटलं पावसाचा परिणाम असेल. तिला विचारलं पाय दुखतोय का, तर म्हणाली, "काय नाही ओ सर, वॉर्मअप झालं की जातंय. मी पळतो की."

नंतर कळलं की आधी खरंच वॉर्मअपनंतर दुखणं जायचं, मग पळून झाल्यावर दुखायला लागलं, मग पळताना, मग जिना चढताना आणि शेवटी रात्री झोपेत. दुखण्याचा हा चढता क्रम फार महत्त्वाचा आहे. स्नायू आखडलेला असला तर गरम झाल्यावर मोकळा होतो आणि दोन दिवसाच्या आरामात बरा होतो. हाडाचं दुखणं मात्र दर आठवड्याला थोडं लवकर सुरू होतं आणि थोडं उशिरा थांबतं. ती मेडिकलमधून पेनकिलर आणून पळायच्या आधी घेत होती, वरून स्प्रे मारत होती, मधे एका दवाखान्यात एक्स-रे पण काढला होता, तो क्लिअर आला म्हणून तिला वाटलं आपणच कच खातोय. ताण पडून हाडाला जी बारीक चीर जाते ती पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टच्या मध्यात एका सकाळी ती लंगडत आली तेव्हा मी तिला पायरीवर बसवलं आणि म्हटलं, गुडघ्याच्या खालून स्वतःच्या अंगठ्यानं नडगीची आतली कड दाबत खाली ये. वाचणाऱ्यांनी पण करून बघा, नडगीच्या हाडाच्या आतल्या बाजूवर मांस नाहीच, कातडीखाली थेट हाड लागतं, शरीरातलं इतकं लांब आणि इतकं उघडं हाड दुसरं नाही. अंगावरचा बहुतेक भार हेच हाड घेतं, शेजारचं बारीक हाड त्यातला थोडाच उचलतं. आणि हे हाड सगळीकडे सारखं जाड नसतं, मधला आणि खालचा तिसरा भाग जिथे मिळतो तिथे ते सगळ्यात निमुळतं असतं. ती दाबत दाबत खाली आली, आतल्या घोट्यापासून सात-आठ बोटं वर अंगठा थांबला आणि तिच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. एक बोटभर जागा. त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही. साध्या शिन स्प्लिंटमध्ये, म्हणजे जास्त पळून नडगीची कड दुखते त्यात, दुखणं चार-पाच बोटांच्या पट्ट्यात पसरलेलं असतं, कुठे नेमकं ते पोराला सांगता येत नाही. एका बोटावर मावणारं दुखणं निघालं की पळणं त्याच मिनिटाला बंद करायचं, हा माझा आता नियम आहे. एका पायावर उडी मारून बघ म्हणणार होतो पण तिचा चेहरा बघून नाही म्हटलं.

त्याच पायरीवर आमच्या ग्रुपच्या मॅडम बसल्या होत्या, त्या कबड्डी खेळलेल्या, पोरींचं बघायला मी त्यांना बोलावतो. त्यांनी मला बाजूला जायला सांगितलं आणि तिला पाळीचं विचारलं. मेमध्ये आली होती, त्यानंतर नाही. जून, जुलै, ऑगस्ट कोरे. आणि ती काय म्हणाली ते मॅडमनी मला नंतर सांगितलं, "बरंच झालं की मॅडम, पळताना कटकट नाही." चार महिने ही पोरगी रोज माझ्यासमोर पळत होती, तिचा सेकंदाचा दहावा भाग माझ्या वहीत आहे आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. माझ्याकडे पोरी स्वतःहून येऊन हे सांगणार नाहीत हे मला कळतं, पण विचारायची सोय करणं माझं काम होतं. वजन केलं, ४६.

आता यात शरीरात काय झालं ते नीट लिहितो, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. नवीन पोरगं पळायला लागलं की पहिल्यांदा सुधारतो तो दम. रक्तातला पातळ भाग आठवड्या-दोन आठवड्यातच वाढायला लागतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि स्नायूंच्या पेशीत ऑक्सिजन वापरून एनर्जी बनवणारी मायटोकॉन्ड्रिया दीड-दोन महिन्यांत चांगलीच वाढतात. ८०० मीटर तीन मिनिटांची रेस असली तरी तिची निम्म्याहून जास्त एनर्जी ऑक्सिजनवरच येते, त्यामुळे टायमिंग धडाधड पडतं आणि पोराला वाटतं मी तयार झालो. पण हाडाचा हिशोब वेगळा असतो. हाड हे दगड नाही, जिवंत आहे, रोज खोदलं जातं आणि रोज भरलं जातं. पाइपलाइनसाठी रस्ता उकरतात ना तसंच, जिथे जास्त ताण पडला तिथलं जुनं हाड खोदणाऱ्या पेशी साधारण तीन आठवड्यात खाऊन टाकतात आणि तीच जागा भरणाऱ्या पेशींना मात्र तीनेक महिने लागतात, शिवाय भरलेलं कडक व्हायला आणखी काही महिने. म्हणजे मेहनत वाढवल्यावर मधे असा काळ येतो की रस्ता उकरून ठेवलाय आणि वाहतूक दुप्पट सोडलीय. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट मार बसतो. ४६ किलोच्या पोरीला एका पायावर शंभर किलोच्या वर, एका किलोमीटरला दोन्ही पाय मिळून हजाराच्या आसपास पावलं, आणि ती रोज साडेसात किलोमीटर पळत होती. त्यात पोटरीचे स्नायू थकले की ते हाडाला वाकण्यापासून सावरतात ते कमी होतं, उरलेला ताण सरळ हाडावर.

मग सगळे म्हणतात डांबरी रस्त्यामुळे झालं. मी पण पहिल्यांदा तेच म्हटलं. पण त्याच रस्त्यावर माझी आणखी बावीस पोरं पळत होती, जवळपास तेवढंच पळत होती आणि हाड एकाचंच गेलं. शरीर कडक जमिनीवर गुडघा आणि घोटा थोडा जास्त वाकवून बरंच सांभाळून घेतं. रस्ता, बूट, वाढलेले किलोमीटर ही सगळी कारणं खरी आहेत, पण या पोरीचं खड्डे भरणारं खातंच बंद पडलं होतं आणि ते जेवणामुळे पडलं होतं.

तिनं माझं ते वाक्य मनावर घेतलं होतं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं खाऊन ग्राउंड, दुपारी डब्यातल्या चारपैकी दोन चपात्या रूममेटला, भात बंद, संध्याकाळी पळून आल्यावर उरलेली भाजी आणि एक चपाती. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "जेवलो की सर." आम्ही नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन दिवसाचं लिहून काढलं तर दिवसाला १,३०० कॅलरीच्या आसपास येत होतं. पळण्यात आणि बाकी व्यायामात साडेचारशे-पावणेपाचशे जात होते. राहिले किती, सव्वाआठशे-साडेआठशे. यावर हृदय, मेंदू, फुप्फुस, किडनी, शरीराचं तापमान, केस, नखं, हाडं, पाळी सगळं चालवायचं. तिच्या अंगात चरबी सोडून साधारण ३८ किलो होतं. खेळाच्या विज्ञानात हिशोब असा मांडतात की व्यायामाचा खर्च वजा जाऊन चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४५ कॅलरी उरल्या तर बाईचं शरीर व्यवस्थित चालतं आणि ३० च्या खाली गेलं की कात्री लागते. हिचं २२.

ती कात्री आंधळी नसते. घरात पगार अर्धा झाला की आपण रेशन आणि लाइटबिल थांबवत नाही, भिंतीचा रंग, गळकं छप्पर हे पुढं ढकलतो. शरीर तसंच करतं. हृदय चालू ठेवतं आणि बाळ जन्माला घालायची तयारी थांबवतं, कारण खायलाच नाही तर बाळ कशाला. मेंदूतून अंडाशयाला जाणारे इशारे मंदावतात, इस्ट्रोजेन खाली येतं आणि पाळी थांबते. आणि इस्ट्रोजेन फक्त पाळीसाठी नसतं, हाड खोदणाऱ्या पेशींना आवर घालायचं काम तेच करतं. ते कमी झालं की खोदाई वाढते आणि उपाशी शरीरात भराई कमी होते, दोन्हीकडून मार. वय पण बघा, १९, म्हणजे हाडात जन्मभराची पुंजी भरायची वर्षं. पूर्वी याला महिला खेळाडूंचं त्रिकूट म्हणायचे, कमी खाणं, पाळी जाणं आणि हाड ठिसूळ होणं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये त्याला रेड-एस, म्हणजे खेळाडूच्या शरीराला एनर्जी कमी पडणं, हे जास्त व्यापक नाव दिलं कारण हे पुरुषांतही होतं आणि हाडापुरतं राहत नाही, रक्त, प्रतिकारशक्ती, मूड, सगळ्यावर जातं. पोरींमध्ये निदान पाळीची घंटा तरी वाजते, पोरांमध्ये ती पण नाही.

हाडाच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. हाडाच्या आत मगजात सूज स्पष्ट दिसली, आरपार चीर नव्हती. जागा आतल्या-मागच्या कडेला होती ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, कारण तिथे हाड दाबलं जातं आणि भरून येतं. तेच समोरच्या कडेला असतं तर तिथे प्रत्येक पावलाला हाड ताणलं जातं, ते फार हट्टी दुखणं, कधी कधी ऑपरेशनपर्यंत जातं. रक्तात हिमोग्लोबिन १०.८, बाईमाणसाचं १२ च्या वर पाहिजे. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ९. ड जीवनसत्त्व १४, वीसच्या खाली म्हणजे कमतरताच. टायमिंग ३:०९ वरून ३:२१ वर का गेलं त्याचं उत्तर या कागदावर होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि बाकीच्या टेस्ट करून दुसरं कारण नाही याची खात्री केली आणि एक गोष्ट केली ती मला फार आवडली. रूममेटनं सुचवलेल्या पाळी आणायच्या गोळ्या द्यायला त्यांनी सरळ नकार दिला. त्या म्हणाल्या, गोळीनं रक्तस्राव येईल, सगळ्यांना वाटेल बरी झाली, आणि शरीर उपाशीच राहील, हाड भरेल असंही नाही. आधी ताटात वाढवा.

वडील दुसऱ्या दिवशी आले. साधा माणूस, टोपी हातात. रिपोर्ट मी समजावून सांगितला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, दारात दोन म्हशी हायत. मी रोज डेअरीला धा लिटर दूध घालतोय. आनि माझी पोरगी उपाशी?" आणि मग, "हिला कमी खायाला सांगितलं कुणी?" मी म्हटलं, मी. ते काही बोलले नाहीत. पोरगी खाली बघत होती.

मला तेव्हापासून एकच गोष्ट सलते. हे कोल्हापूर आहे. इथं तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद पहिलं विचारतात खुराक काय, जोर-सपाटे मग. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, हे परवडत नसेल तर तालमीत उतरू नको म्हणणारे लोक आपण. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला तो नुसत्या आखाड्याची माती देऊन नाही, त्यांच्या पोटाची सोय लावून. मेहनत आणि खुराक एकच शब्द असल्यासारखे इथं बोलले जातात. आणि त्याच गावात भरतीच्या पोरी दोन चपात्यांवर साडेसात किलोमीटर पळतात आणि आम्ही कोच लोक स्टॉपवॉच बघून खूश होतो. पैलवान पोराला कुणी कमी खा म्हणत नाही. पोरीला सगळे म्हणतात, घरचे, मैत्रिणी, मोबाइल, आणि मी पण.

उपचाराला जादू काही नव्हती. पहिले दहा दिवस कुबड्या, चालताना दुखायचं थांबेपर्यंत. पेनकिलर बंद, कारण दुखणं झाकलं की पोरगं त्याच हाडावर परत उभं राहतं. जेवणात एकदम डोंगर उभा केला नाही, रोज साधारण चारशे कॅलरी वाढवल्या. उठल्यावर केळं आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू, व्यायाम झाल्या झाल्या ग्लासभर दूध आणि चपाती, दुपारी चार चपात्या स्वतःच खायच्या, वाटी भरून आमटी, भात परत चालू, रात्री भाकरी आणि दही. वडिलांनी गावाकडून दुधाच्या टेम्पोतून दोन लिटरचं कॅन पाठवायला सुरुवात केली, रूमवरच्या चारही पोरी पितात. लोहाच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या त्या चालू. चहा लोहाच्या गोळीपासून तासभर लांब ठेवायला सांगितला, चहातली टॅनिन लोह अडवतात, आणि या एका गोष्टीवर तिनं सगळ्यात जास्त वाद घातला.

पहिल्या पंधरवड्यात ती रडत होती, वजन वाढलं की रोज रडायची, त्यामुळे मॅडमनी वजनकाटाच कपाटात टाकला. मग मी तिला गोळाफेकीच्या तयारीला लावलं. बसून मेडिसिन बॉल ढकलणं, खांदा, दंड, पोटाचे व्यायाम, पाय न वापरता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सायकल आणि पोहणं, म्हणजे दम टिकेल पण हाडावर मार नाही. पाचव्या आठवड्यात टाचा उचलणं, आधी दोन पायांवर, मग एका पायावर पंधराचे तीन सेट, कारण पोटरी जेवढी तगडी तेवढी नडगी सुरक्षित. सहाव्या आठवड्यात तिचं भरतीचं खरं ग्राउंड लागलं. डॉक्टर नाही म्हणाले, मी नाही म्हटलं, ती ग्रुपवर बाकीच्या पोरींचे निकाल बघत रूमवर बसून राहिली. त्या दिवसाबद्दल मी जास्त लिहू शकत नाही.

आठव्या आठवड्यात दाबून दुखत नाही, एका पायावर दहा उड्या मारून दुखत नाही, तेव्हा पळणं सुरू केलं. मातीवर, एक मिनिट हळू पळणं आणि चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा, एक दिवस आड. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दाबून बघायची, दुखली तर एक पायरी मागं. दोनदा मागं आलो. गोळाफेक तोपर्यंत ४.८० मीटरवरून ५.६० मीटरवर गेली होती.

आता वहीत मी एक पान जोडलंय, ते मॅडमकडे असतं, माझ्याकडे नसतं. त्यात नाव नाही, फक्त नंबर, आणि पाळी आली की पोरगी स्वतः तारखेवर टिंब टाकते. दोन महिने टिंब नाही आलं की मॅडम मला फक्त नंबर सांगतात आणि मी त्या नंबरचं पळणं निम्मं करतो, कारण विचारत नाही. पहिल्याच महिन्यात आणखी दोन नंबर निघाले. वजन कमी कर हे वाक्य ग्राउंडवर बंद आहे, माझं आणि बाकी सगळ्यांचं.

तिचं टिंब जानेवारीत आलं, जेवण वाढवल्यापासून पाचव्या महिन्यात. वजन ५०.५, हिमोग्लोबिन १२.३. मागच्या सोमवारी मातीवर ८०० मीटर ३:११ आलं, पाय दुखला नाही, पळून झाल्यावर पायरीवर बसून तिनं स्वतःच अंगठ्यानं नडगी वरून खालपर्यंत दाबून बघितली आणि मला लांबूनच मान हलवून सांगितलं. या आठवड्याला २० किलोमीटर, चार दिवस पळणं, दोन दिवस गोळा, एक दिवस पूर्ण सुट्टी.